नारळ पाण्यातून वर आला होता

तुमच्या बायबलच्या पानांत, रविवार शाळेच्या कपाटात किंवा देवळाच्या दारातल्या टेबलावर एखाद्या अनोळखी बाईचा छापील फोटो असेल, तर तो छापण्याआधी तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

मला पडला नव्हता. खरं तर मला तो सगळ्यात आधी पडायला हवा होता.

माझे वडील नगर जिल्ह्यात एका मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत आणि प्रुफं तपासत. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी धर्मप्रसाराची पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती प्रुफांवर. वह्यांना कव्हरं घातली ती चुकून तिरक्या छापल्या गेलेल्या पत्रकांची, आणि भाकरीखाली अंथरलेल्या कागदावरही कुणाचा तरी उद्धार होत असे. त्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी काहीतरी टाकून द्यायचं: बाटली, पत्त्यांचा कॅट, दंडातला ताईत, कोनाड्यातला देव. तेवढं झालं की माणूस सुखी, आणि खाली छापखान्याचा पत्ता. माणूस बदलला हे कळायला त्याने काही टाकून दिलेलं दिसलं पाहिजे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. त्यात मला काही चूक वाटत नव्हती. उलट, टाकून न देणारी माणसं मला भेकड वाटत.

बाविसाव्या वर्षी मिशनने मला सुरतेला पाठवलं. परदेशातून दर उन्हाळ्याच्या शेवटी पाच-सहा तरुण मुलं-मुली शिकाऊ सेवक म्हणून यायची आणि दोन महिने राहायची. त्यांची गटप्रमुख मी. मला मराठी येत होती, इंग्रजी येत होती, आणि सुरतेच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, काम करणारी निम्मी वस्ती खानदेशातून आलेली होती. पहिला आठवडा कामरेजजवळच्या एका शिबिराच्या जागेत जायचा. तिथे मी त्यांना मांडी घालून बसायला, हाताने जेवायला, दारात चपला काढायला शिकवायची. एक नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची: फोटो काढण्याआधी विचारा. ते विचारायचे. माणसं हसून हो म्हणायची. फोटो काढल्यानंतर त्याचं काय करणार, हे विचारायचा नियम फळ्यावर नव्हता.

मुक्काम भेस्तानला, भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. काम पर्वत पाटियाच्या मागच्या गल्ल्यांत. तिथे दिवसभर लूमचा खडखडाट इतका असायचा की गल्लीतली माणसं घरातही ओरडूनच बोलत. आम्ही मुलांना शिकवायचो, आजारी माणसांजवळ बसायचो, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायचो. आणि शेवटी प्रत्येक शिकाऊ सेवकाने आपल्या मायदेशातल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, एक प्रार्थनापत्र लिहायचं, अशी पद्धत होती. त्यात एका माणसाची गोष्ट आणि एक फोटो. ते पत्र तिकडे रविवारी सगळ्यांसमोर वाचलं जाई. पत्राच्या तळाशी गटप्रमुखाची सही लागे, मजकूर खरा आहे म्हणून. ती सही माझी.

ज्या मावशींबद्दल मी लिहिते आहे, त्या त्या गल्लीत राहत. नवरा लूमवर, मुलगा नुकता कामाला लागलेला, मुलगी शाळेत. गल्लीतल्या अकरा खोल्या एकाच गावच्या आणि एकाच भावकीच्या. श्रावणात त्या अकरा खोल्यांची कानबाई मावशींच्या घरी बसायची. कानबाई म्हणजे खानदेशची देवी. नारळाला डोळे, नथ, पदर करून तिला पाटावर मांडतात. हा नारळ मावशींना त्यांच्या सासूने मरताना दिलेला होता. थोरली सून असताना धाकटीला दिला होता, म्हणून त्यांना त्याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही. पुढे जे घडलं ते सगळं या नारळावरून घडलं, म्हणून आधीच सांगते.

त्या वर्षी मुलीला ताप आला आणि उतरेना. माझ्या गटातली एक उंच मुलगी तीन दिवस तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. तिला मराठीचे चार शब्द येत. मावशींना इंग्रजीचा एकही नाही. तरी दोघींचं बरं चाललं होतं.

"हाई पोर इतकी उंच, हिले नवरा कोठेन आनशी?" मावशींनी मला विचारलं.

"तिच्या देशात सगळे उंच असतात, मावशी."

"मंग ठीक शे. आठे देशी तर पह्यले दार फोडनं पडी."

शेजारणी हसल्या. इथे दिली तर आधी दार फोडावं लागेल, असा अर्थ मी उंच मुलीला सांगितला. ती लाजली आणि दाराच्या चौकटीखाली उभी राहून तिने डोकं वाकवून दाखवलं. त्या दिवसापासून गल्लीत ती लाडकी झाली. तिने प्रार्थना करू का म्हणून विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "कर ना माय. तुना देव शे, मनी माय शे. दोन्ही मिळीसन पाहतीन." तुझा देव आणि माझी देवी, दोघं मिळून बघतील. मला ते खटकलं. म्हणून भाषांतर करताना मी शेवटचं वाक्य गाळलं.

मुलीला बरं वाटलं, आणि मावशींनी आम्हाला कानबाईला बोलावलं. आमच्या लोकांत अशा ठिकाणी जायचं नसतं. मी गेले, कारण उंच मुलगी मागे लागली आणि नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मावशींनी आम्हाला वेगळ्या ताटात पुरणपोळी आणि खीर वाढली. रोट मात्र दिला नाही. कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि तेवढ्याचाच करतात. "वाईट नको वाटू देऊ," त्या मला चक्क पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "तो बाहेर नाही जात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईला तापीवर नेलं. टेम्पोत बायका, आम्ही दोघी, पाट मावशींच्या मांडीवर. तापी त्यांच्या गावावरून वाहत येते. त्या मला म्हणाल्या, हे पाणी आपलंच आहे, फक्त इथे येईपर्यंत मळलंय. त्या गुडघाभर पाण्यात गेल्या, नथ-पदर काढलेला नारळ दोन्ही हातांत धरला आणि पाण्यात खाली नेला. उंच मुलीने विचारलं होतं, मावशींनी मान हलवली होती. तिने फोटो काढला.

मग मावशींनी नारळ वर काढला. पदराने पुसला, लहान मुलाचं डोकं पुसावं तसा. नदीतली मूठभर वाळू पाटावर घेतली, तिच्यावर नारळ ठेवला, पाट डोक्यावर घेतला आणि आम्ही परत निघालो. त्यांच्या घरची रीत तशी होती. देवीला न्हाऊ घालून परत आणायची. परततानाचाही एक फोटो उंच मुलीने काढला.

स्टुडिओतून पाकीट आलं तेव्हा भेस्तानच्या आमच्या खोलीत जमिनीवर ते दोन्ही फोटो पडले होते. उंच मुलगी पत्र लिहीत होती. पहिल्या फोटोवर बोट ठेवून तिने मला विचारलं, "ती देवीला नदीत सोडून देते आहे ना? आपल्या प्रार्थनेनंतर?" तिने मनापासून विचारलं होतं. नारळ वर काढताना ती कॅमेऱ्याची पट्टी सोडवत होती. परत आणलेला नारळ तिने पाहिला होता, पण तिला वाटलं तो दुसरा.

मी काय म्हणावं? तिला सांगायचं, की हा तोच नारळ आहे, न्हाऊन आलेला? मला माहीत होतं. मी काठावर उभी होते. पण माझ्यासमोर तिचं कोरं पत्र होतं, आणि माझ्या डोक्यात ती सगळी पत्रकं, ज्यांच्या शेवटच्या परिच्छेदात काहीतरी टाकून दिलं जातं. मला वाटलं, आज नाही तर उद्या मावशी ते टाकतीलच. आपण फक्त थोडं आधी लिहितोय. मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक शब्द. पुढचं सगळं तिने सुंदर इंग्रजीत लिहिलं. मी खाली सही केली आणि दुसरा फोटो पाकिटात परत सरकवला.

खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा मला चार वर्षांची असल्यापासून पाठ होती.

पत्र गेलं. तिकडच्या मंडळीला ते फार आवडलं. तिकडून ते मिशनच्या मुख्य कचेरीत आलं आणि तिथे कुणालातरी वाटलं, याचं मराठी पत्रक करावं. छापायला गेलं ते माझ्या वडिलांच्या छापखान्यात. मला हे कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तरी मी थांबवलं असतं, असं छातीठोकपणे आज मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी नवा गट आला. उंच मुलगी त्यात नव्हती. श्रावण लागला होता. कचेरीतून पत्रकांचे गठ्ठे आले, आणि सकाळी घाईत मी एक गठ्ठा न उघडताच दोन मुलांच्या हातात दिला. पर्वत पाटियाला पोहोचल्यावर उरलेल्यातला एक गठ्ठा मी सोडून पाहिला. मागच्या पानावर मावशी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. खाली जाड ठशात: "तिने आपली देवी नदीत टाकली." आणि बारीक अक्षरांत, एका सेविकेने प्रत्यक्ष पाहिलेली सत्यकथा.

मी पळत त्या गल्लीत गेले. मुलं तोवर अर्ध्या गल्लीत वाटून पुढे गेली होती. दारादारांत तो पिवळा कागद होता. एका ओट्यावर एक पोरगं फोटोवर बोट ठेवून "काकू, काकू" म्हणत होतं.

मावशींच्या दारात त्यांचे मोठे दीर बसले होते. लूमच्या कारखान्यात ते फिटर होते. माणूस शांत, कधी कुणाला वाकडं न बोलणारा. त्यांनी माझ्यासाठी खाट पुढे केली.

"बसा ताई. तुम्ही शिकलेल्या. जरा मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्यात एवढं सरस कोणाला वाचता येत नाही."

मी म्हटलं, "दादा, यात चूक आहे."

"ते मग बघू. आधी वाचा."

मी वाचलं. गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मावशी आत चुलीपाशी, पाठ आमच्याकडे. मी मधेच थांबले तर ते म्हणत, "थांबू नका ताई, पूरं करा." मी माझंच खोटं, माझ्या वडिलांनी जुळवलेल्या अक्षरांत, शेवटपर्यंत वाचलं. पत्त्यासकट.

मग मावशी बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. "तू व्हती ना तठे? नारय मी वर काढं ना व माय?"

"काढला," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगते. मावशींनी नारळ वर काढला, पुसला, घरी आणला. मी पाहिलं. हे लिहिलंय ते खोटं आहे आणि ते माझ्यामुळे लिहिलं गेलं."

दीरांनी मान हलवली. "मी मानतो, ताई. नारळ आत कोनाड्यात आहे, मला दिसत नाही का? पण बोललेलं या गल्लीत राहील. छापलेलं आत्ताच्या गाडीनं गावाला गेलं. शेजारच्याचा साडू घेऊन गेला. तिथे तुम्ही कोणाकोणाच्या दारी जाऊन सांगणार?"

मी भेस्तानला जाऊन तो दुसरा फोटो आणला. पाकिटासकट मी तो जपून ठेवला होता. का, ते विचारू नका. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मावशी, डोक्यावर पाट, पाटावर नारळ.

"हा जातानाचा पण असू शकतो," ते म्हणाले. "फोटो काही बोलत नाही ताई. खाली लिहिलेलं असतं ते बोलतं."

त्यांनी तो मला परत दिला. त्या बोलण्यात राग नव्हता.

गावाहून निरोप आला तो दोन दिवसांत. जी बाई कागदावर देवी टाकणारी म्हणून छापली गेली, तिच्या हातची कानबाई आम्ही पुजणार नाही. नारळ थोरल्या सुनेच्या खोलीत गेला. रविवारी, कानबाईच्या दिवशी, मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. आत जायची हिंमत नव्हती. ओट्यावर परात ठेवून एक म्हातारी गहू मोजत होती. एकेका पुरुषाचं नाव घ्यायची, सव्वा मूठ परातीत टाकायची. मावशींचा नवरा आणि मुलगा रांगेत उभे होते, नवीन सदरे घालून. त्यांची नावं आली नाहीत. म्हातारी पुढच्या नावाकडे गेली. बापाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आपल्या खोलीत गेले. खोलीचं दार बंद झालं. रोज कामावरून आल्यावर जसं होई, तितक्याच हळू.

मी मिशनच्या प्रमुखांकडे गेले. म्हटलं, पत्रक मागे घ्या, दुरुस्ती छापा. ते चांगले माणूस आहेत. ते म्हणाले, या पत्रकामुळे किती लोकांना समाधान मिळालं आहे, आता दुरुस्ती केली तर त्यांचा गोंधळ होईल. शिवाय पुढची छपाई आपण करणार नाही, मग झालं. मी त्यांच्याशी भांडले. पत्रकाच्या भाषेतच भांडले, कारण मला दुसरी भाषा येत नव्हती. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

वडिलांना मी छापखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझी सही होती," ते म्हणाले. "म्हणून मी दुसऱ्यांदा वाचलं नाही." आयुष्यभर दुसऱ्यांदा वाचणं हेच ज्यांचं काम, ते हे म्हणाले.

मी गटप्रमुखाचं काम सोडलं. श्रद्धा सोडली नाही. तसं वाटून कुणी खूश होऊ नये आणि कुणी घाबरूही नये. मावशींनी ती गल्ली सोडली. हाकलून कुणी दिलं नाही. फक्त पाण्याच्या नळावर त्या आल्या की बायका गप्प व्हायच्या, आणि पोरीच्या सोयरिकीचं बोलणं काढायला कुणी येईना.

नंतर एकदाच त्या मला पर्वत पाटियाच्या भाजीच्या गाड्यांपाशी दिसल्या. मी तोंड फिरवणार होते. त्यांनीच हाक मारली. आधी विचारलं, "त्या उंच पोरनं लगन व्हयनं का?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांनी मेथीची जुडी पिशवीत ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "जठे जठे तो कागद गया व्हई, तठेन काढी आन." जिथे जिथे तो कागद गेला असेल, तिथून काढून आण. माफीचं त्यांनी विचारलं नाही. मीही मागितली नाही; मला वाटलं, त्यांनी काम सांगितलंय, आधी ते करावं.

दोन वर्षं मी ते करते आहे. सुरत, नंदुरबार, धुळे, नगर. मंडळ्यांच्या कपाटांतून, वाचनाच्या टेबलांवरून, बायबलच्या मधून. लोक मला आत घेतात, चहा देतात, कागद शोधून देतात. काही देत नाहीत. म्हणतात, गोष्ट चांगली आहे, राहू दे. एकीने तर तो फ्रेम करून भिंतीवर लावला होता. एकटीने हे संपणार नाही, हे मला कळलं आहे.

म्हणून हे लिहिलं. हे वाचून झाल्यावर उठा आणि तुमच्या घरातली, तुमच्या देवळातली पत्रकं चाळा. पिवळा कागद, मागच्या पानावर गुडघाभर पाण्यात उभी असलेली बाई, दोन हातांत नारळ. सापडला तर तो फाडा, आणि ज्याने तुम्हाला दिला त्याच्याकडे जाऊन तोंडाने सांगा, की ती बाई नारळ टाकत नव्हती, न्हाऊ घालत होती, आणि तो तिने वर काढला होता.